चारशे सतरा, गैरहजर

१

दप्तरखान्यातून कागद हरवला, असं वाक्य त्या इमारतीत आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. शंभर वर्षांत तिथे वाळवी लागली, तळघरात पाणी शिरलं, एकदा छपराचा कोपरा खाली आला. पण कागद गेला नाही. हा दप्तरखान्याचा अभिमान होता आणि तो तिथल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या अंगात भिनलेला होता. त्यामुळे गुरुवारी सकाळी प्रमुखबाईंनी निळी फाइल उघडली आणि आत नुसता रिकामा पुठ्ठा निघाला, तेव्हा त्यांनी ती मिटून पुन्हा एकदा उघडून पाहिली.

टेबलापलीकडे ड्रिलबाई उभ्या होत्या. वय वर्षं एक्क्याऐंशी, पाठ फूटपट्टीसारखी. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं कवायत शिकवली, म्हणून अख्खा गाव त्यांना ड्रिलबाई म्हणे. खुर्ची पुढे केली तरी त्या बसत नसत.

"या पुठ्ठ्यावर माझ्या वडिलांचं पत्र होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. तशी गरज त्यांना कधी पडलीच नव्हती.

ड्रिलबाई नऊ महिन्यांच्या असताना वडील लढाईवर गेले आणि परत आले नाहीत. पलटणीच्या हजेरीपटात त्यांच्या नंबरापुढे, चारशे सतरापुढे, लाल शाईत शेरा होता: बारा तारखेस हजेरीला गैरहजर, पंधरा तारखेस फरार घोषित. पुढे सतरा तारखेला त्याच पलटणीची नदीकाठची चौकी तोफांनी उडवली. आतलं कुणीही परतलं नाही. त्या सगळ्यांची नावं चौकातल्या स्मारकाच्या दगडावर कोरली गेली, एक चारशे सतरा सोडून. शाळेत पोरी ड्रिलबाईंना पळपुट्याची पोर म्हणायच्या. बहुधा त्या दिवसांतच ती पाठ ताठ झाली असावी.

आता जुना दगड झिजला म्हणून नवा बसणार होता, आणि नावांची यादी दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी अकरा वाजता, समितीपुढे कायम व्हायची होती. वडिलांचं ते एकुलतं एक पत्र समितीने निदान डोळ्यांखालून घालावं, एवढ्यासाठी ड्रिलबाईंनी महिन्यापूर्वी ते भिंतीवरून काढून दप्तरखान्यात आणून दिलं होतं.

"यानंतर दगड पुन्हा कधी बदलतील?" त्यांनी विचारलं.

"साठ-सत्तर वर्षांनी," प्रमुखबाई कशाबशा म्हणाल्या.

"मग हरकत नाही, मी थांबते," ड्रिलबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "त्या पुठ्ठ्याला आता कुणी बोट लावू नका."

२

दारात खळबाई होत्या. फाटक्या कागदांना खळ लावून ते जोडणं हे त्यांचं काम, सव्वीस वर्षांचं. जोड असा बसायचा की डोळे मिटून बोट फिरवलं तर फाटलं कुठे होतं ते सांगता यायचं नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण कामाला वाघीण. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रजेवर होत्या, त्या आजच आल्या होत्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि पर्समध्ये औषधाची बाटली.

"चोराने ओरबाडून नेलं असणार," प्रमुखबाई म्हणाल्या. "पोलिसांत कळवलं तर दप्तरखान्याची अब्रू जाईल आणि नाही कळवलं तर आपली नोकरी."

खळबाईंनी पुठ्ठा खिडकीशी नेला आणि तिरका धरला. "ओरबाडलेलं नाही. ओरबाडला तर कागदाचे तंतू पुठ्ठ्याला राहतात. इथे एक तंतू नाही, नुसती जुन्या खळीची साय आहे. हा कागद ओलावा देऊन, हळूहळू सोडवलाय. हे कारागिराचं काम आहे, आणि चांगल्या कारागिराचं आहे."

त्यांच्या रजेत लांबच्या गावाहून बदली कारागीर आला होता. बुधवारी दुपारचं काम आटोपून तो तीनच्या गाडीने निघून गेला होता. फोन लावला, तर तो अजून प्रवासातच, फोन बंद. पण खळबाईंना त्याला विचारायची फारशी गरज वाटली नाही. जुना पुठ्ठा कागदाला आतून जाळतो, तपकिरी करतो. म्हणून आलेल्या कागदाचा पुठ्ठा सोडवायचाच, हा त्यांचाच शिरस्ता. सोडवलेला पुठ्ठाही फेकायचा नाही, फाइलीत ठेवायचा. आणि ओला कागद टिपकागदावर पसरून वाळत ठेवायचा.

त्यांच्या खोलीत टेबलावर टिपकागद होता. त्याच्या मधोमध वहीच्या पानाएवढा ओलसर डागही होता. पत्र मात्र नव्हतं.

किल्लीच्या वहीत बुधवारी दुपारी तीननंतर तिघांच्या सह्या होत्या. पलटणीचा इतिहास लिहिणारे निवृत्त मेजरसाहेब. ड्रिलबाईंचा भाचा. आणि लष्करी नोंदींच्या खोलीचा कारकून, ज्याला सगळे हवालदार म्हणत. त्याने जन्मात बंदूक धरली नव्हती, पण तो चालायचा तसा.

मेजरसाहेब वाचनकक्षातच सापडले. चारशे सतरा पळाला, असं त्यांनी आपल्या पुस्तकात छापलं होतं, आणि समितीत त्यांचा शब्द अखेरचा होता.

"काल माझ्या खोलीत कशाला आला होता?" खळबाईंनी विचारलं.

"भिंग हवं होतं. माझं घरी राहिलं होतं." मेजरसाहेबांनी चष्मा काढला. "तुमचा रोख कळतो मला. बाई, ते पत्र मी महिन्यापूर्वीच पुठ्ठ्यासकट वाचलंय. त्यावर ना तारीख, ना ठिकाण. असलं पत्र चोरून मला काय मिळणार? ते असलं काय, नसलं काय, माझ्या पुस्तकाचा काना-मात्रा हलत नाही. मात्र तारीख असलेला एक कागद मला कुणी दाखवा. त्या पानाची दुरुस्ती मी स्वतः छापून देईन. आम्ही शब्दाची माणसं आहोत."

माणूस शिष्ट होता, पण खोटा वाटला नाही.

भाच्याचं मात्र लक्षण ठीक नव्हतं. तो आत्याशी भांडून बसला होता. "आमच्या घरातली वस्तू घरात हवी होती," तो खळबाईंना म्हणाला. "मी पावती मागायला तुमच्या खोलीत गेलो, तिथे कुणी नव्हतं, परत फिरलो. पत्र दिसलं असतं ना, तर खरंच सांगतो, उचललं असतं. आजोबांचं अक्षर आहे ते. लहानपणापासून भिंतीवर बघत आलोय, लांबूनही ओळखलं असतं. पण टेबलावर पत्र नव्हतंच."

"मग काय होतं?"

"कसलातरी सरकारी कागद पडला होता."

हवालदार तर प्रश्न ऐकूनच दुखावला. "मी फीत न्यायला आलो होतो, गठ्ठे बांधायला. घरगुती पत्रांकडे मी बघतसुद्धा नाही. एकतीस वर्षं झाली, माझ्या खोलीतला एक कागद इकडचा तिकडे झालेला दाखवा. तुमच्याकडे पत्र हरवलं म्हणून माझ्याकडे येता? चोर सोडून संन्याशाला फाशी."

तिघेही आत जाऊन आले होते. तिघांनीही पत्र पाहिलं नव्हतं. आणि खळबाईंना सगळ्यात नवल याचं वाटलं, की तिघंही खरं बोलत होते.

३

दुपारी त्या ड्रिलबाईंना घेऊन आपल्या खोलीत बसल्या. म्हणजे खळबाई बसल्या. ड्रिलबाई खिडकीशी उभ्या राहिल्या.

"पत्र पाठ असेल ना?"

"आईला वाचता येत नव्हतं. मी चौथीत गेल्यापासून रोज तिला वाचून दाखवायची." ड्रिलबाईंनी समोर बघत, एका लयीत म्हटलं: "मी ठीक आहे. पायाला थोडं लागलं होतं, आता चालता येतं. उद्या आपल्या माणसांत पोचतो. दुसरा कागद मिळाला नाही, म्हणून यावरच लिहिलं. मला याची गरज पडणार नाही, तिकडे मला सगळे ओळखतात. पोरगी पावलं टाकायला लागली का, ते कळव."

"पुठ्ठ्याला कुणी चिकटवलं?"

"आईनेच, मी शाळेत जायच्या आधी. घड्यांवर फाटायला लागलं होतं. घरीच खळ शिजवली, पुठ्ठ्यावर बसवलं आणि भिंतीला टांगलं." ड्रिलबाई वळल्या. "तुम्हाला एक सांगू? मी तीस वर्षं हजेरी घेतली. एखादीचा आवाज आला नाही तर तिचं नाव मी दुसऱ्यांदा पुकारायची. तरी नाही आला, तर शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाऊन यायची. पोरगी तापाने फणफणलेली असायची, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळत असायची. गैरहजर लिहिणं फार सोपं असतं. माझ्या वडिलांना कुणी दुसऱ्यांदा पुकारलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे."

डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती, म्हणून खळबाईंनी पर्समधून छोटा आरसा काढला. पट्टी उचलली, थेंब घातला, आणि आरसा खाली ठेवताना तो पुठ्ठ्याशेजारी टेकला.

चांगल्या डोळ्याने त्यांना आरशात पुठ्ठ्याचं प्रतिबिंब दिसलं, आणि त्या तशाच थांबल्या.

नुसत्या डोळ्यांना पुठ्ठ्यावर डाग-धब्बे दिसत होते. आरशात ते धब्बे सुलट झाले होते. आडव्या रेघा. उभ्या रेघा. छापील चौकटी. आणि खालच्या कोपऱ्यात, अगदी फिकट, एक गोल शिक्का. इतकी वर्षं चिकटून राहिलेल्या कागदाची पाठ पुठ्ठ्यावर उलटी उमटली होती.

"ड्रिलबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी कशावर लिहिलं होतं हो?"

"कागदावर."

"कसल्या कागदावर?"

एक्क्याऐंशी वर्षांत हे ड्रिलबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

४

पुठ्ठा सोडवायचा तर कागद पालथा घालावा लागतो. अक्षरं खाली, पाठ वर. म्हणजे बुधवारी दुपारी टेबलावर पत्र दिसतच नव्हतं. दिसत होता रेघा आखलेला, शिक्का मारलेला छापील कागद. मेजरसाहेबांनी तो पाहिला असेल तर रद्दी म्हणून सोडला. भाच्याने पाहिला आणि सरकारी म्हणून सोडला. आणि या इमारतीत असा एकच माणूस होता, की जो शिक्क्याचा कागद उघड्यावर पडलेला पाहून पुढे जाऊच शकत नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःशी पुटपुटत खळबाई ड्रिलबाईंना घेऊन लष्करी नोंदींच्या खोलीत शिरल्या.

खोली म्हणजे कवायतीचं मैदान होतं. कपाटं रांगेत, गठ्ठे रांगेत, फितींच्या गाठीसुद्धा एका उंचीवर. ड्रिलबाईंनी दारातच थांबून सगळीकडे नजर टाकली आणि नकळत मान डोलावली. हवालदाराला ते दिसलं आणि त्याची छाती दोन बोटं फुगली.

खळबाईंनी चोरीचं नावही काढलं नाही. "काय हो, काल तुमच्याकडे नवीन कागद किती आले?"

"नवीन एकही नाही."

"आणि जुना?"

हवालदाराचा चेहरा उजळला. "जुना एक आला. आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो, तुमच्या त्या बदली माणसाला शिस्त नाही. फौजी दवाखान्याची चिठ्ठी, शिक्क्यासकट, तुमच्या टेबलावर पोरकी पडली होती. आमच्या खोलीतून कधीकाळी सुटून गेली असणार. वाळेपर्यंत हातात धरून उभा राहिलो, मग लावली तिच्या जागेवर. लष्कराचा कागद माझ्या डोळ्यांदेखत रात्रभर बेवारस राहिला, असं आजवर झालेलं नाही."

"मागची बाजू बघितली होती?"

"काहीतरी खरडलेलं होतं. अहो, शिपाई हाताला येईल त्या कागदावर खरडतात, गाणी, चित्रं, काय वाटेल ते. पाठीवरचं वाचत बसलो तर नोंदणी कधी व्हायची? आमच्याकडे छापील बाजूची नोंद होते. पाठीची होत नाही. नियम आहे तो."

"आणि घरगुती पत्रांच्या खोलीत अक्षराच्या बाजूची नोंद होते, छापील बाजूची होत नाही," खळबाई म्हणाल्या. "तोही नियमच. काढा ती चिठ्ठी."

हवालदाराने एका झटक्यात योग्य कपाट, योग्य खण, योग्य पाकीट काढलं. दवाखान्याच्या चिठ्ठ्या तारखेने लावलेल्या होत्या. त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली, नेहमीप्रमाणे छापील बाजू वर. खळबाईंनी ती ड्रिलबाईंकडे सरकवली.

"वाचा. मला एका डोळ्याने नीट दिसत नाही." दिसत होतं त्यांना. पण ते वाचायचा हक्क त्यांचा नव्हता.

ड्रिलबाईंनी शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "नंबर चारशे सतरा. भरती, बारा तारीख. उजव्या मांडीत गोळी. गोळी काढली. आणखी आठ दिवस विश्रांती सुचवली." इथे त्या अडखळल्या. "सुटी, सोळा तारीख. रुग्णाच्या स्वतःच्या आग्रहावरून नदीकाठच्या चौकीवर परत रवाना." खाली डॉक्टरची सही होती, शिक्का होता, आणि अगदी तळाला बारीक छापील ओळ. ती वाचताना त्यांचा आवाज पार खाली गेला. "ही चिठ्ठी तुकडीत हजर होताना दाखवावी."

हवालदाराने वळून मागच्या कपाटाकडे पाहिलं. हजेरीपट त्याच्याच खोलीत, पाच पावलांवर होता. पण तो नंबराने लावलेला आणि या चिठ्ठ्या तारखेने. दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती.

"म्हणजे," खळबाई सावकाश म्हणाल्या, "बारा तारखेला हजेरी झाली तेव्हा ते दवाखान्यात टेबलावर होते. पंधरा तारखेला इथे फरार लिहिलं, तेव्हा खाटेवर होते. सोळाला डॉक्टर नको म्हणत असताना उठले. हजर होताना दाखवायला हातात ही चिठ्ठी होती. आणि बायकोला लिहायला दुसरा कागद मिळाला नाही."

"मला याची गरज पडणार नाही," ड्रिलबाई म्हणाल्या. "तिकडे मला सगळे ओळखतात."

"ओळखतच होते. सतराला त्यांच्यातच गेले असणार. पण ओळखणारं कुणी मागे उरलं नाही."

ड्रिलबाई त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी कागद उलटा, सुलटा, पुन्हा उलटा करून पाहिला. "आईने आपल्या हातांनी चिकटवलं," त्या म्हणाल्या. "ही बाजू आत. लोक तोंडावर बोलायचे तिला. आणि उत्तर तिच्याच भिंतीवर होतं."

खळबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं ऐका, सव्वीस वर्षं हेच करतेय. पत्राची शाई पक्की होती, पण डॉक्टरचं हे असलं फिकट शाईचं लिखाण उघडं राहिलं असतं, तर उजेडाने दहा वर्षांत उडालं असतं. पुठ्ठ्याआड होतं म्हणून आज वाचता आलं. तुमच्या आईने पुरावा झाकला नाही, जपला. आणि खळ काय सुरेख शिजवली होती. मला इतकी जमत नाही."

हे शेवटचं वाक्य खळबाईंनी आयुष्यात दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलं नव्हतं.

५

शुक्रवारी अकरा वाजता खळबाईंनी समितीपुढे तो कागद दोन काचांमध्ये ठेवून आणला, म्हणजे कुठलीच बाजू पाठ नको. मेजरसाहेबांनी आधी छापील बाजू वाचली, मग पत्र वाचलं. मग शिक्का त्यांनी त्याच महिन्याच्या दुसऱ्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिला. हवालदाराने त्या न सांगता पुढे ठेवल्या होत्या. सही तीच, शिक्का तोच.

"फरारचा शेरा टिकत नाही," मेजरसाहेब म्हणाले. "आणि तो शेरा गेला, की हा शिपाई चौकीवर रवाना झालेला आणि चौकीबरोबर गेलेला ठरतो." ते उभे राहिले. "मी चुकीचं छापलं. दुरुस्ती मी छापीन, आणि पहिल्या पानावर."

हजेरीपटात दुरुस्तीची नोंद हवालदाराने केली. एकतीस वर्षांत त्याने जुन्या पटाला पेन लावलं नव्हतं. लाल ओळीखाली त्याने काळ्या शाईत, एकेक अक्षर घोटून, चिठ्ठीची तारीख आणि दवाखान्याचं नाव लिहिलं, आणि शेवटी लिहिलं: शेरा रद्द. मग शाई वाळेपर्यंत तिथेच उभा राहिला. त्या दिवसापासून त्याच्या खोलीत नवा नियम लागू झाला, की प्रत्येक कागदाची पाठही वाचायची. एकतीस वर्षांच्या पाठी वाचायच्या म्हणजे त्याचं निवृत्तीपर्यंतचं काम झालं होतं, पण तो कुणाकडे कुरकुरला नाही.

महिन्याने चौकात नवा दगड बसला. भाच्याने आत्यासाठी खुर्ची आणली होती आणि ती रिकामी होती. खळबाईंची पट्टी निघाली होती. त्या दोन्ही डोळ्यांनी दगडाकडे बघत होत्या आणि कोरीव अक्षरांचे कोपरे नीट घासलेत का ते तपासत होत्या. सवय जात नाही माणसाची.

मेजरसाहेबांनी चौकीची हजेरी पुकारायला सुरुवात केली. एकेक नंबर, एकेक नाव; प्रत्येकानंतर शांतता. तसाच रिवाज होता. उत्तर द्यायला कुणी नसतंच.

"चारशे सतरा," मेजरसाहेब म्हणाले, आणि थांबले. पुढच्या नंबराकडे गेले नाहीत. कागद खाली केला, ड्रिलबाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा, जास्त मोठ्याने, पुकारलं.

"चारशे सतरा."

ड्रिलबाईंनी टाचा जुळवल्या. एक पाऊल पुढे टाकलं.

"हजर," त्या म्हणाल्या.